लाभ

मेची दुपार. जळगाव. चव्वेचाळीस अंश.
कूलरचा वाळा कालच बदलला,
तरी गोलाणी मार्केटच्या तिसऱ्या मजल्यावर भट्टीचीच झळ.
वारकेसाहेब समोर बसले. घाम पुसला नाही.
चटईच्या कारखान्यात एकोणीस वर्षं जनरल मॅनेजर,
आता नुसते हेमचंद्र भागवत वारके,
पॅन कार्डावर आहे तेवढेच.

कागद सरकवला माझ्याकडे.
सेवा समाप्त. भरपाई बावन्न लाख.
खाली मालकाच्या मुलाची सही, घाईची,
तिचं शेपूट कागदाबाहेर गेलेलं.

'यातलं माझं किती, मॅडम?'

मी आकडे टाकले. दोन महिन्यांचा पगार धरून अठ्ठावन्न.
पन्नासच्या वर, म्हणून अधिभार.
अधिभारासकट सगळ्यावर उपकर.
सतरा लाख शहात्तर हजार साठ.

'साठ?'
'साठ.'
'वरचे साठसुद्धा सोडत नाहीत?'

सवलतीचा एक फॉर्म असतो, म्हटलं,
रक्कम मागच्या वर्षांवर पसरून बघतात.
पसरून बघितली.
प्रत्येक वर्ष आधीच काठोकाठ भरलेलं,
कुठेच जागा निघेना.

मग त्यांनी विचारलं, कायदा याला म्हणतो काय?
मी जे छापलंय ते सांगितलं:
वेतनाऐवजी मिळालेला लाभ.

लाभ, ते म्हणाले.
आणि बराच वेळ कॅलेंडरकडे बघत राहिले,
तिथे एका डाळमिलची जाहिरात होती.

'माझे वडील मापाडी होते, अमळनेरच्या बाजारात.
पहिल्या मापाला एक म्हणायचे नाहीत.
लाभ म्हणायचे. लाभ, मग दोन, मग तीन.
दादर असो, तूर असो,
पावसात भिजून कोंब फुटलेला माल असो,
पहिलं माप लाभच.
शेतकरी कपाळाला हात लावून उभा असायचा समोर.
मी तेव्हा हसायचो, मॅडम.'

मला आठवलं ते निराळंच.
दोन वर्षांपूर्वी याच खुर्चीत हेच बसले होते,
अडतीस कामगारांची यादी घेऊन.
कपात. प्रत्येकाची रक्कम पाच लाखांच्या आत.
'एकालाही रुपयाचा कर लागत नाही ना?' – नाही, मी म्हटलं,
आणि त्यांनी समाधानानं चहा मागवला होता,
खाली जाऊन स्वतः भजीसुद्धा आणली.

त्यातला सुपडू तायडे नंतर एकटाच आला.
दोन लाख ऐंशी हजार मिळालेले.
दारातच उभा राहिला, चपला हातात घेऊन.
'ताई, कर कटना नही, मंग मन्हं काय कटनं?'
माझ्या तक्त्यात तेवढा रकाना नव्हता.
पाणी दिलं. तो प्याला. गेला.

हे मी साहेबांना सांगितलं नाही.
सांगणार होते, की भरूनही चाळीस लाख उरतात,
सुपडूचं चौदा वेळा.
सांगणार होते, की वरच्यानं जास्त द्यावं
हे मला पटतं, पगारातून पटतं,
पण हाकललेल्या माणसाच्या ओंजळीतून
त्याच हातानं घ्यावं का, ते मला
बावीस वर्षं रिटर्न भरूनही नीट कळलेलं नाही.
त्यांचं वय त्रेपन्न. मुलगी शेवटच्या वर्षाला.
मी म्हटलं, जूनच्या पंधरापर्यंत पहिला हप्ता.

लाइट गेली. कूलर घरघरत थांबला.
खालून केळीच्या ट्रकचा हॉर्न,
मग तोही नाही.

'तुमची फी?'
राहू द्या, म्हणायला तोंड उघडलं मी,
पण त्यांनी पाकीट काढलं होतं,
आणि ज्यानं आयुष्यभर चेकवर सही केली
त्यानं अंगठा जिभेला लावला.
टेबलावर पाचशेची पहिली नोट ठेवली.
'लाभ.'
दोन. तीन. चार.
सातावर अडखळले,
गोळा केल्या सगळ्या,
आणि पुन्हा पहिल्यापासून.